कमळचा नळ आणि पंचायतीच्या पायऱ्या

चार बाया शेवया करायला बसल्या की पंचायतीचा विषय निघतोच. किस्से आम्हाला रचावे लागत नाहीत. पंचायत दर सभेला ताजे पुरवते! मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, किराण्याच्या पुड्या वाचून अक्षर शिकले. तरी लिहायचं काम माझ्याकडंच, कारण बाकीच्या भितात.

*

भूकंपात आमचं गाव बसलं. शेजारच्या कमळचा एक पाय भिंतीखाली गेला. मग नवं गाव वसलं, नवी पंचायत झाली आणि तिचं जोतं केलं पुरुषभर उंच! नुसत्या पायऱ्या, कठडासुद्धा नाही. इंजिनिअर म्हणाले, "मावशी, भूकंपासाठी मजबूत बांधलंय."

मी म्हटलं, "साहेब, भूकंप जमिनीतून येतो. पायऱ्या चढून न्हाई!"

*

कमळला गल्लीत नळ हवा होता. एका काखेत कुबडी, दुसरीत घागर, अशी ती विहिरीवरून पाणी आणायची. ग्रामसभेला पायऱ्यांखालून ओरडली, "नळाचं काय झालं?"

ग्रामसेवक दारातून म्हणाले, "बाहेरचं बोलणं धरत नाही. आत या."

मी आत जाऊन तिच्या वतीनं बोलले. तर म्हणतात, "अर्जदार स्वतः हजर पाहिजे!"

अर्जदार खाली उभीच होती की! दिसत होती, ऐकू येत होती; फक्त हजर नव्हती!

*

पुढं सरपंचानं पोराच्या कोचिंगसाठी लातुरात बिऱ्हाड केलं. पंचायतीची किल्लीही त्याच्याबरोबर गेली. कमळला जीपमध्ये घालून आम्ही लातूर गाठलं. खोली तिसऱ्या मजल्यावर! ती खाली बसली, मी वर गेले. सरपंच दारातच ओठावर बोट ठेवून म्हणतो, "हळू बोला मावशी, पोराची उद्या टेस्ट हाय."

"आमची रोजच हाय!" अशी ओरडले की शेजारची दारं उघडली.

*

लई तक्रारी केल्यावर एकदाचा रॅम्प झाला. बघायला गेलो, तर वर सावलीला लातुराहून परतलेल्या सरपंचाची मोटारसायकल आणि रॅम्पच्या तोंडाला कुलूपबंद साखळी. शिपाई म्हणाला, "लेकरं घसरगुंडी खेळत होती, म्हणून लावली."

कमळ म्हणाली, "माझ्यापेक्षा गाडीचं बरं. तिला पाय न्हाईत तरी वर घेतात!"

*

आणि हा किस्सा उन्हाळ्यातला. सरपंचाला पंचायतीचा हॉल कोचिंग क्लासला द्यायचा होता. ठरावाला कोरम पाहिजे. आम्ही बाया झाडून साऱ्या आलो, पण साखळी बघून खालीच लिंबाच्या सावलीत कमळभोवती बसलो. आत माणसं पुरेनात.

फरशी मळते म्हणून चपला बाहेर काढायचा नियम सरपंचाचाच. मी त्याच्या चपला उचलून कमळपुढं आणून ठेवल्या.

तो चिडून अनवाणीच खाली उतरला. सावली बायांनी भरलेली. भर दुपारच्या तापल्या मातीवर नाचायला लागला!

"या सरपंच," मी म्हटलं. "सभा हितं हाय."

"आधी माझ्या चपला द्या!"

"आधी नळ," कमळ म्हणाली. त्याचा नाच थांबेना, तेव्हा तिलाच दया आली. स्वतःच्या पायातली चप्पल काढून तिनं कुबडीनं पुढं सरकवली.

"तवर ही घाला. एकच हाय. मला तेवढीच लागती."

सरपंचानं एका पायावर उभं राहून नळाचा विषय पुकारला.