पत्र्याखालचं दार

तिला सगळे पटाशी म्हणायचे. नाव काकाने ठेवलेलं. दहा वर्षांची असताना ती त्याच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावली होती, आणि काका हात झटकत म्हणाला होता, "ही पोरगी नाही, पटाशी आहे. लागली की सालपट काढते." दुकानातले सगळे हसले. तीही हसली. बाप गेल्यापासून तिच्यासमोर पहिल्यांदाच कुणी हसलं होतं.

बाप सुतार होता, काका त्याचा धाकटा भाऊ, तोही सुतार. ज्या वर्षी बाप गेला त्या वर्षी गावात ताप आला होता. लहान मुलं पटापट जात होती आणि कुणीतरी उठवलं की डॉक्टरच्या औषधानेच जाताहेत. एका दुपारी जमाव डॉक्टरच्या घरावर चालून गेला. डॉक्टर मागच्या भिंतीवरून पळाला. तिचा बाप आत कपाटं बसवत होता. तो पळाला नाही. त्याने दार लावून घेतलं आणि आतून खांदा देऊन उभा राहिला. बाहेरून कुऱ्हाडी पडत होत्या. एक फळी फुटली, पातं आत आलं आणि त्याच्या मानेत शिरलं. पातं कुणाचं, ते कळलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्या दुपारी गावातला प्रत्येक माणूस घरी झोपलेला निघाला. इतकं झोपाळू गाव पोलिसांनीही कधी पाहिलं नव्हतं.

काका तर घरीच असणार, हे सगळे धरून चालले. त्याच आठवड्यात त्याचं स्वतःचं तान्हं पोर तापाने गेलं होतं. पुढे डॉक्टरचं घर बंद पडलं. फुटलेल्या दारावर बाहेरून पत्रा ठोकायचा होता, तेव्हा काका आपणहून गेला आणि फुकट ठोकून आला. भाऊ मेला त्या दाराला हात लावायचा म्हणजे केवढं काळीज, असं बायका कितीतरी दिवस बोलत होत्या.

पुतणीला त्याने दुकानात शिकायला बसवलं. पहिल्याच दिवशी सकाळी ओंडक्यावर एक घाव घातला आणि ती कुऱ्हाड तिच्या पुढ्यात टाकली. पात्याच्या एका कोपऱ्यापाशी धारेचा टवका उडाला होता.

"हा जाईपर्यंत घास. थांबलीस तर हात मोडीन."

ती दगडावर पातं घासत राहिली. बोटांची सालं निघाली, दगड लाल झाला. दिवे लागायच्या वेळी काकाने ओंडक्यावर एक घाव घातला आणि तिला बोलावलं. "बघ. सकाळचा घाव आणि हा घाव." सकाळच्या घावात आडवी एक बारीक कड उमटली होती, टवका उडाला होता तिथलं लाकूड कापलं न जाता तसंच राहिलेलं. नव्या घावावरून बोट सरकन फिरलं. "जमलं," काका म्हणाला आणि त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप तिने जन्मभर जपली.

पुढे थापा कमी आणि दांडकी जास्त मिळाली. रंधा तिरका गेला की दांडकं, चूल वेळेवर पेटली नाही की दांडकं. वयात आल्यावर एकदा तिने ते दांडकं हवेतच धरलं, गुडघ्यावर मोडलं आणि दोन तुकडे नीट रचून काकाच्या हातात दिले. त्यानंतर मार थांबला. लग्न झालं. नवऱ्याने एक दिवस हात उचलला, तिने हातोडा उचलला. "जावई अजून कुठेतरी धावतोच आहे," असं काका गिऱ्हाइकांना सांगायचा आणि सांगताना त्याची छाती फुगायची.

अशी पटाशी पन्नाशीला आली तेव्हा नगरपालिकेला जाग आली, की डॉक्टरचं घर जुनं आहे, देखणं आहे, ते पूर्वीसारखं करून लोकांना दाखवावं. लाकडाचं काम पटाशीकडे आलं. जिना, खिडक्या, कपाटं झाली. सगळ्यात शेवटी दार उरलं.

नगरपालिकेची आर्किटेक्टबाई वयाने तिची लेक शोभेल एवढी. ती दूर उभी राहून म्हणाली, "मावशी, तुम्हाला नको असेल तर पत्रा दुसऱ्या कुणाकडून काढून घेऊ."

"बाप माझा, दुसऱ्याला कशाला त्रास," पटाशी म्हणाली आणि तिने पत्र्याखाली पहार घातली.

खिळे गंजले होते. पत्रा किंचाळत निघाला. खाली घावच घाव, काही उथळ, काही खोल, आणि मधोमध फुटलेली फळी. फळीच्या कडेला लाकूड काळं पडलं होतं. ते कशाने, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

तिने एका घावात अंगठा घातला आणि तो अडला. आडवी, बारीक कड. दुसऱ्या घावात घातला, तिथेही. फुटलेल्या फळीच्या काठावरचा सगळ्यात खोल घाव राहिला होता. तिने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. तीच कड, त्याच कोपऱ्यापाशी.

"मावशी? काय झालं?"

"काही नाही. दार ठणठणीत आहे. उद्या बसवू."

संध्याकाळी काका दुकानात कुऱ्हाडीचा नवा दांडा तासत बसला होता. पंचाहत्तरी उलटली होती, पण हात कापत नव्हता.

"काका, बाबा गेले त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"घरी. माझं पोर गेलं होतं, विसरलीस?"

"आणि कुऱ्हाड?"

"कसली कुऱ्हाड?"

"मी घासली ती."

तासण्याचा आवाज थांबला. "पत्रा काढलास?"

"काढला."

"कुणाला विचारून? ते दार सडलंय. जाळून टाक. नवीन कर, लाकूड मी देतो."

"सडलेलं नाही. मी हात लावून बघितलंय."

दांडा भिरभिरत आला आणि तिच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. तिने ते पुसलं नाही. दांडा उचलला, उजेडात धरून बघितला आणि त्याच्या समोर ठेवला. "इथे फुगवटा राहिलाय," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दोघांची ताटं वाढली. काकाचं ताट तसंच राहिलं.

सकाळी मजुरांनी दार चौकटीत उभं केलं, वरची बिजागरी ठोकली आणि ते चहाला गेले. पटाशी खालच्या बिजागरीचे स्क्रू आणायला मागच्या खोलीत गेली आणि परत आली तर ओट्यावर काका. पाय रोवलेले, कुऱ्हाड डोक्यावर. जुनीच कुऱ्हाड, नवा दांडा.

"काका, खाली ठेवा."

"बाजूला हो. याचे तुकडे करतो आणि सुटतो."

ती दारासमोर उभी राहिली. त्याने तरी कुऱ्हाड फिरवली, दारावर, तिच्यासकट. पातं तिच्या बाहीतून गेलं आणि दंडाची साल घेऊन गेलं. तिने दांडा धरला. म्हातारा सोडेना. दोघं ओट्यावर गरगरले. तिने त्याला खांद्याने भिंतीवर आपटलं, नवा गिलावा फुटून खाली आला आणि कुऱ्हाड तिच्या हातात राहिली. काका भिंतीला टेकून धापा टाकत होता. ओठ फुटला होता.

"आत जा," ती म्हणाली. "दार सरळ बसत नाहीये. आतून खांदा लाव."

जन्मात पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे करत होती. आणि काका गेला. हेच शब्द त्याने तिला इतकी वर्षं सांगितले होते, की ते ऐकल्यावर त्याचंही अंग आपोआप कामाला लागलं. दार त्याच्यामागे बंद झालं. फळ्यांवर आतून वजन आलं, चौकट करकरली.

तिने कुऱ्हाड उचलली आणि फुटलेल्या फळीच्या शेजारी, जिथे त्याचा खांदा असणार तिथेच, घातली.

दार हादरलं. आतून ओरडणं आलं, "मी आहे गं. पटाशे, मी आहे आत."

"ऐकू आलं," ती म्हणाली. कुऱ्हाड पुन्हा वर गेली होती. "इथे उभं राहिलं की अगदी स्वच्छ ऐकू येतं. तुला आलं होतं?"

आत फक्त फळी करकरली.

"मी विचारते आहे, काका."

"आलं होतं."

"बाबा काय म्हणाले होते?"

"फटीतून दिसलो त्याला. म्हणाला, धाकट्या, मी आहे रे आत."

"मग?"

"मग मी अजून जोरात घातली." आवाज फळीला तोंड लावून येत होता. "माझं लेकरू मांडीवर थंड पडलं होतं. आणि माझा सख्खा भाऊ त्या डॉक्टरच्या दाराला खांदा लावून उभा. दुसरा कुणी असता तर थांबलो असतो गं."

तिचा हात वरच होता. दंडातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं, आणि हात खाली यायला मागत होता. फळी फुटलेली होतीच, अजून एक घाव पुरला असता. आत म्हातारा हलला नाही. फळ्यांवरचं वजन तसूभरही कमी झालं नाही. तो वाट बघत होता.

तिने कुऱ्हाड ओट्याच्या खाली मातीत फेकली.

"खांदा काढू नकोस," ती म्हणाली. "खालची बिजागरी राहिली आहे."

एकेक स्क्रू तिने आवळून बसवला. शेवटचा बसल्यावर दार उघडलं, तर काका तसाच वाकलेला. खांद्याचा सदरा फाटलेला, आत लाकडाचा धस गेलेला. तिने धस उपटून काढला, फुंकर न घालता.

दुपारी आर्किटेक्टबाई आली. दाराकडे बघत म्हणाली, "घाव तसेच ठेवूया, भरायला नकोत. सगळे त्याच दिवसाचे आहेत ना?"

"एक सोडून," पटाशीने दाखवला. "हा माझा. बोट फिरवा, गुळगुळीत लागेल. धार मीच लावली होती."

बाई तिच्या भुवईकडे आणि दंडाकडे बघत राहिली. आणि बाकीचे कुणाचे, हे तिने विचारायच्या आत पटाशीने सांगितलं. काका ओट्यावर बसला होता, त्याच्यासमोरच सांगितलं. पहिल्यांदा मजुरांनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत गावाने.

काका तिच्याच घरी राहिला. दोन्ही वेळा ती त्याला ताट वाढायची, दुखलं खुपलं बघायची. पण दुकानात त्याने हत्यारासाठी हात पुढे केला, की ती ते त्याच्या हाताबाहेर, वरच्या फळीवर ठेवायची. म्हातारा रिकामे हात मांडीवर ठेवून रंध्याचा आवाज ऐकत बसायचा. मरेपर्यंत तिने त्याला साधा खिळासुद्धा ठोकू दिला नाही.