आर्बोरियल घराण्याचा मुलगा

इंग्रजीतून स्वतःला माकड म्हणवून घेणारा कर्जत तालुक्यातला पहिला मॅट्रिक बहुधा मीच.

त्या वेळी मी कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून वाणी जुन्या पुस्तकांच्या पानांत गूळ बांधून द्यायचा. त्याच्याकडून मी एक इंग्रजी डिक्शनरी वाचवली. ‘ई’पासून पुढची पानं तोवर गिऱ्हाइकांच्या घरी गेली होती आणि उरलेल्या पानांची उजवी बाजू उंदरांनी खाल्ली होती. म्हणजे शब्द शाबूत, अर्थ गायब! (उंदरांना अर्थच का गोड लागला, देव जाणे.) अर्थ मी कानाने लावले. ‘आर्बोरियल’चा शेवट ‘रॉयल’सारखा, तेव्हा तो शब्द राजघराण्याचा. ‘अँफिबियस’ म्हणजे दोन्हीकडे पाय असलेला, असं एका गार्डाने सांगितलं होतं. असे शेकडो शब्द पाठ करून मी ते योग्य प्रसंगासाठी राखून ठेवले होते.

तो प्रसंग कुंभिवलीला आला. माझ्यासाठी तिथली मुलगी पाहायची होती. याआधी दोन ठिकाणांहून ‘मुलगा बरा हाय, पन बोलत नाय’ असा निरोप आलेला, म्हणून बैलगाडीत मामा सारखा बजावत होता, “या खेपेला बोल रं बाबा! पोरीचा बाप जंगलखात्यात सायबाच्या हाताखाली हाय. त्याला इंग्रजी जावई पायजे.”

मुलगी चहा घेऊन आली. सुमती तिचं नाव. तिने एकदाच वर पाहिलं आणि मला ती इतकी आवडली की चहा घ्यायचं मी विसरलो. हे लग्न मोडलं तर आपलं काही खरं नाही, असं मला मनापासून वाटलं.

ती आत गेल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, “घराणं कसं तुमचं?”

मामा तोंड उघडणार, तोच मी म्हणालो, “सर, अवर फॅमिली इज आर्बोरियल!”

त्यांनी बशी खाली ठेवली. “कधीपासून?”

“पिढ्यान्‌पिढ्या!”

“सगळेच?”

“आजोबा जरा जास्त!”

“गावात कुनालाबी इचारा,” मामाने जोड दिली.

“आणि तुम्ही काय करता? शेती, की नोकरी?”

“दोन्ही, सर. आय ॲम अँफिबियस!”

“असं होय,” ते म्हणाले. दाराआड काहीतरी खुसखुसलं. मला वाटलं, कौतुक चाललंय! मला आणखी जोर चढला.

“बरं, मुलगी पाहिलीत. आता विचार काय तुमचा?”

ठरलंय, हे मला भारदस्तपणे सांगायचं होतं. ‘डिसाइड’ म्हणजे ठरवणं हे शाळेतलं पोरही सांगेल. मी त्याचा थोरला भाऊ काढला. छातीवर हात ठेवून म्हणालो, “डेसिड्युअस!”

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“काय म्हनला त्यो?” मामाने विचारलं.

“पाहुणे, हे शब्द आम्हाला खात्यात रोज लागतात,” ते शांतपणे म्हणाले. “मुलगा म्हणतो, त्याचं घराणं झाडावर राहतं. तो स्वतः बेडकासारखा, थोडा पाण्यात, थोडा जमिनीवर. आणि आता त्याची पानगळ सुरू झालीय.”

मामाने माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं. “ती मातुर सुरू झालीय,” तो म्हणाला.

दाराआडचं खुसखुसणं आता उघड हसणं झालं होतं. मुलीचे वडील उठून आत गेले. मी मान खाली घालून बसलो. लाज वाटत होतीच, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. यापेक्षा मुका राहून नकार घेतला असता तर बरं झालं असतं!

ते बाहेर आले. “मुलगी हो म्हणते. म्हणते, बाकीचे आपले दोष लपवतात, यांनी नसलेलेसुद्धा सांगितले. पण तिची एक अट आहे. पुढं मुलांचं इंग्रजी ती बघेल. तुम्ही त्यात पडायचं नाही. कबूल?”

मी तोंड उघडलं, तोच मामाने माझ्या पायावर पाय दिला. “मराठीत बोल रं!”

“हो,” मी म्हणालो.

त्या दिवशी अर्थ समजून उच्चारलेला हा एकच शब्द, असा माझा समज होता. त्याचाही खरा अर्थ लग्नानंतर कळला.