शटरवरचा ठोका

ती घटना मनातून गेली असा एक दिवस नाही, आणि तरीही इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितलेली नाही. निवृत्तीनंतर हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या आमच्या मराठी मंडळींनी दोन-तीनदा बोलायला बोलावलं. तेव्हा दरोड्यांच्या आणि बनावट नोटांच्या गोष्टी सांगून मी वेळ मारून नेली. या प्रकरणात मला शाबासकी मिळाल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते मुद्दाम विचारत. "ते पुन्हा कधीतरी," असं म्हणून मी चहाचा कप उचलत असे. आता पुढे ढकलायला फारसा वेळ उरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. कुणाचं नाव घेणार नाही. मी काय केलं, ते मात्र झाकणार नाही.

त्या वर्षी हैदराबादेत एकच गाणं वाजत होतं. इथल्याच पोरांचा एक रॉक बँड होता. गाणारी एक मुलगी, दोन गिटारवाले आणि एक ड्रमर. गाणं दखनीतलं होतं:

हल्लू नक्को, जोर से मार,
मैं इस पार, तू उस पार.

मग गाणं एकदम थांबायचं आणि नुसता ठोका यायचा. तीन, मग क्षणभर शांतता, मग दोन. सगळी गर्दी तेवढ्या टाळ्या वाजवून उडी मारायची. लोकांना ते ताटातूट झालेल्या प्रेमिकांचं गाणं वाटे. वराती, कॉलेजं, विसर्जनाच्या मिरवणुका, कुठेही जा, तेच.

माझ्या मुलीच्या लग्नातही ते वाजलं. जावई पुण्याचा, त्याचे मित्र सगळे संगणकवाले. त्यांनी मला ओढून मधोमध नेलं. बायको बाजूने ओरडली, "अहो, हे पोलीस ठाणं नाही! हात वर करा जरा." मुलगी हसत होती. "बाबा, चुकताय तुम्ही. तीन, थांबा, मग दोन!" मी शिकलो, टाळ्या वाजवल्या आणि नाचलो. जन्मात नाचलो नव्हतो इतका नाचलो.

लग्न आटोपून मी कामावर रुजू झालो. तेव्हा मी कुकटपल्लीच्या बाजूला एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन आला. "एक कारखानदार येतील. जरा लक्ष घाला." लक्ष घाला म्हणजे काय, ते आमच्या खात्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

कारखानदार आले. पन्नाशीचे, स्वच्छ पांढरा शर्ट, हातात रुमाल. गाद्यांचा फोम कापण्याचं त्यांचं एक युनिट आमच्या हद्दीत होतं. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी तिथे आग लागून चार कामगार गेले होते. तेव्हा मी या ठाण्यात नव्हतो.

"साब, वो गाना बंद कराओ," ते म्हणाले. "मेरी बदनामी हो रही."

"गाने में आपका नाम है?"

"नाम नहीं है."

"फॅक्टरी का नाम?"

"वो भी नहीं. मगर वो ठोका है ना साब, वो मेरे शटर का है. वो ड्रमर मेरे पास काम करता था. जान-बूझ के पूरे शहर में बजा रा."

मी तक्रार नोंदवून घेतली. त्या बोलण्यात काय होतं, ते माझ्या कानात शिरलं नाही. आगीचे जुने कागद मागवून वाचले. शॉर्ट सर्किट, अपघाती मृत्यू, प्रकरण बंद. मेलेल्यांपैकी एकाच्या धाकट्या भावाने जबाब दिला होता की शटरला बाहेरून कुलूप होतं. कुलूप सापडलं नव्हतं. मालक त्या वेळी दूर बेगमबाजारात होते, असं एका व्यापाऱ्याने लिहून दिलं होतं. तो धाकटा भाऊ म्हणजेच हा ड्रमर. मी मनाशी हिशेब मांडला: पोरगा भावाच्या दुःखात आहे, मालकावर दात धरून आहे, एक दम दिला की काम होईल.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. गाणारी मुलगीही आली. तिला बाहेर बाकावर बसवलं. ती हवालदाराशी वाद घालत होती ते आत ऐकू येत होतं. "कित्ती देर रखते इनकू? शाम कू शो है हमारा."

"शो तो हमारे यहाँ रोज है अम्मा," हवालदार म्हणाला. "बैठो. टिकट भी नहीं लगता."

आत माझ्यासमोर ड्रमर आणि बाजूच्या खुर्चीत मालक. समोरासमोर बसवलं की माणसं बोलतात, हा माझा अनुभव. ड्रमर पंचविशीतला, बारीक अंगाचा. मनगटं मात्र सुतारासारखी.

"ये गाना किस पे बनाया?"

उजव्या हाताच्या बोटांनी त्याने माझ्या टेबलावर तो ठोका वाजवला. तीन. मग दोन.

"मुँह से बोल."

तीन. दोन.

दारातल्या शिपायाचा पाय नकळत हलू लागला. खरं सांगायचं तर टेबलाखाली माझाही हलला. त्यानेच मला जास्त राग आला. माझ्याच टेबलावर, माझ्याच ठाण्यात हा मला नाचवतो म्हणजे काय! "बंद कर," मी म्हणालो. त्याने पुन्हा बोटं उचलली. टेबलावर लाकडी रूळ होता. मी तो उचलला आणि त्याच्या हातावर मारला. हिशेबाने नाही, पूर्ण ताकदीने.

हाड मोडल्याचा आवाज मी नोकरीत पुष्कळदा ऐकला होता. तो ओळखायला मला वेळ लागला नाही.

ड्रमर हात काखेत दाबून वाकून बसला. मग मान वर करून म्हणाला, "मारना था, मार लिए साब. अब इनसे एक बात पूछो. गाने में आग नहीं है, फॅक्टरी नहीं है, मेरा भाई नहीं है. पूरा शहर इसपे नाच रा. आप भी नाचे होंगे. इनकू कायकू डर लगा?"

मी मालकाकडे पाहिलं. शिपायाचा पाय हलला होता, माझा हलला होता. हा माणूस मात्र भिंतीसारखा बसला होता आणि रुमाल तोंडावर धरलेला होता. आदल्या दिवशीचं त्याचं वाक्य आत्ता माझ्या कानात शिरलं. वो ठोका मेरे शटर का है.

ड्रमरला हवालदाराबरोबर दवाखान्यात पाठवलं. मालकासाठी चहा मागवला. घाबरलेल्या माणसावर ओरडायचं नसतं. त्याच्याशी घरच्यासारखं बोलायचं असतं. मुलं काय करतात, धंदा कसा आहे, असं विचारत विचारत मी म्हणालो, "सेठ, आप तो उस टाइम बेगमबाजार में थे. शटर पे कैसा ठोक रहे थे, आपकू किसने बताया?"

"पेपर में आया था."

"जुन्या कागदांत पेपरची सगळी कात्रणं आहेत. त्यात नाही," हे मी त्याला हिंदीत सांगितलं.

"फायरवाले बोले."

"वो आए तब अंदर सब चुप हो गए थे."

त्याने चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "चाबी मेरे जेब में थी साब. माल चोरी होता था, इसलिए दुपहर में ताला डालता था. गाड़ी से उतरा तो धुआँ देखा. गल्ली के कोने पे खड़ा रहा. पैर नहीं उठे. वो ठोकते रहे, ठोकते रहे. फिर मैं चला गया."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पण आरोपीच्या सांगण्यावरून निघालेली वस्तू टिकते. मी विचारलं, कुलूप कुठे? लोकांना वाटतं गुन्हेगार पुरावा फेकून देतो. माझा अनुभव वेगळा आहे. ज्या वस्तूची सगळ्यात जास्त भीती वाटते, ती माणूस जवळ ठेवतो, म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती लागणार नाही. शेजाऱ्यांनी पहारीने शटर उचकटलं, तेव्हा गर्दीत परत येऊन त्याने कुलूप उचललं होतं. पंच घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. देवघरात, देवांच्या मागे, लाल कापडात ते होतं. काजळी तशीच होती. किल्ली त्याच्याच जुडग्यात होती आणि ती लागली. कोर्टाच्या परवानगीने पुढचा तपास केला. त्या दुपारचा त्याचा मोबाइल बेगमबाजारात नव्हे, आमच्याच हद्दीत होता. व्यापाऱ्याने जबाब फिरवला. शिक्षा झाली.

तो ठोका काय होता, ते ड्रमरने जबाबात सांगितलं. हाताला प्लास्टर होतं, त्यामुळे वाजवून दाखवता आला नाही. दोघे भाऊ मुळात मरफा वाजवणारे. मरफा म्हणजे इथल्या वरातींतला ढोलताशा. तासनतास वाजवून मोठ्या भावाचे हात भरून आले की तो तीन आणि दोन असं वाजवून धाकट्याला खूण करायचा: अब तू ले. त्या दुपारी धाकटा चहा आणायला बाहेर गेला होता. परतला तर शटरला कुलूप, आत धूर. आतून मोठा भाऊ ठोकत होता. आधी नुसतंच ठोकत होता. मग बाहेर धाकट्याची हाक ऐकू आल्यावर त्याने ठोका बदलला. तीन. दोन. शेवटपर्यंत तोच.

"किसीने नहीं सुना साब," ड्रमर म्हणाला. "ठाणे में नहीं सुने, कोर्ट तक गई नहीं बात. तो मैं बोला, सबकू नचाऊंगा. जो नहीं नाचा, वो उस दिन वहाँ था."

मी पेन खाली ठेवलं. लाखोंच्या वस्तीतून एक माणूस शोधायला आमच्याकडे खबरी असतात, गाड्या असतात, कोठडी असते. या पोराने एक ठोका शहरावर सोडून दिला आणि नुसता वाट पाहत बसला. माणूस आपल्या पायांनी चालत माझ्या खुर्चीसमोर आला. अशी सापळ्याची कल्पना मी अख्ख्या नोकरीत पाहिली नाही. आणि त्याच भावाच्या ठोक्यावर मी मुलीच्या लग्नात हात वर करून नाचलो होतो. आजही ते गाणं कुठे लागलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि तरी पाय हलतोच. ते त्याच्या कलेचं सामर्थ्य. त्यापुढे मी कोण?

ठाण्याच्या डायरीत मी लिहिलं की तो पायऱ्या उतरताना पडला. ते खोटं होतं. त्याची दोन बोटं मी मोडली, पोलीस ठाण्यात, कुठल्याही कारणाशिवाय. ती पुढे नीट वळलीच नाहीत. बँडमध्ये त्याच्या जागी दुसरा ड्रमर आला. ज्याला मी मारलं, त्याने माझ्याविरुद्ध तक्रार केली नाही. मला प्रशस्तिपत्रक मिळालं, फोटो निघाला.

चौकशीबद्दल लोक विचारतात की तुम्ही माणसाला बोलतं कसं करता. या प्रकरणाने मला शिकवलं की तो तर आल्यापासून बोलतच होता. मीच ऐकत नव्हतो. तपास मालकाच्या वाक्यात होता आणि त्या पोराच्या बोटांत होता. मी एक वाक्य कानाआड केलं आणि बोटं मोडली.

मागच्या हिवाळ्यात बँडचा कार्यक्रम मलकपेठेत होता. बायकोला काही न सांगता मी गेलो. हजारो पोरं तीन आणि दोन टाळ्या देत उड्या मारत होती. जमीन हलत होती. कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे तो दिसला. आता तो बँडच्या आवाजाचं काम बघतो. केस पांढरे व्हायला लागले आहेत. त्याने मला लगेच ओळखलं.

"साब! आप? घर में सब खैरियत?"

"हौ," मी म्हणालो.

त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, उजवाच. मी तो धरला. ती दोन बोटं माझ्या तळहातात सरळच राहिली, मिटली नाहीत. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. ते मी घरून निघाल्यापासून तोंडात घोळवत होतो.

"बाहर ट्रॅफिक बहुत है," मी म्हणालो. "संभाल के जाओ."

"हौ साब," तो म्हणाला, आणि मी हात सोडला.