चिंचणीचा डाय आणि एकशेवीसची लेन्स

नाशिकहून सकाळच्या एसटीने निघाले, तेव्हा लाकडी कॅमेऱ्याची पेटी मांडीवरच ठेवली होती. जव्हारच्या घाटात एक बाई म्हणाली, "वर ठेवा की," तरी दिली नाही. हा जुन्या पद्धतीचा मोठा कॅमेरा. पोस्टकार्डाएवढी फिल्म एकेक करून घालायची आणि मागच्या दुधी काचेवर उलटं दिसणारं चित्र बघून नेम धरायचा. बरोबर फिल्मची सहाच पानं होती.

दागिन्यांचे फोटो काढणं हा माझा धंदा. ज्या सराफांचं काम करते, त्यांनी तीन दिवसांपूर्वी माझ्या हातावर पोलादाचा एक ठोकळा ठेवला होता. त्यात फुलाचा नाजूक खळगा कोरलेला होता. याला डाय म्हणतात; त्यावर चांदीचा पत्रा दाबला की फूल उठतं. "चिंचणीचे नारायणकाका करायचे," ते म्हणाले. "डोळे अधू झाले त्यांचे. सोमवारी सगळे डाय भंगारात देतायत."

त्यांचे फोटो काढायचे ठरवलं खरं, पण माझी लेन्स हातभर अंतरावरून अख्खा हार टिपणारी. बोटभर अंतरावरच्या वस्तूच्या कडा ती पुसून टाकते. जवळचं बघण्यासाठीच घडवलेली मॅक्रो लेन्स हवी होती. ती पालघरजवळ माहीमला एका विजयाताईंकडे असल्याचं कळलं. बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या फोटोग्राफर होत्या. तुटलेल्या बोल्टांचे, चिरा गेलेल्या पाइपांचे फोटो काढण्यात त्यांची सगळी नोकरी सरली.

पालघरला उतरून रिक्षाने माहीमला पोचले. पानवेलींच्या मांडवामागे त्यांचं घर. त्यांनी आधी जेवायला बसवलं. उकडहंडी (कोनफळ, कंद आणि शेंगा घालून मडक्यात शिजवलेली भाजी) आणि तांदळाची भाकरी. जेवण झाल्यावर त्यांनी दोन लेन्स टेबलावर मांडल्या. एक एकशेऐंशी मिलिमीटरची, भारी, काळीभोर. दुसरी एकशेवीसची, लहानशी, कडेचा रंग उडालेली.

मी मोठीकडे हात नेला.

"कॅमेऱ्याचा भाता किती लांब जातो?" त्यांनी विचारलं. भाता म्हणजे लेन्स आणि काच यांच्यामधला घड्यांचा, ताणता येणारा भाग.

"तीस सेंटीमीटर."

"मग वस्तू आहे तेवढीच फिल्मवर हवी असेल, तर हिला छत्तीस लागतील. एकशेवीसला चोवीस पुरतात. भाता पूर्ण ताणलास तर वस्तूच्या दीडपट मिळेल."

"पण लहान लेन्स फार जवळ न्यावी लागते. उजेड अडतो."

"अडतो. कागद लावून वळवायचा." त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. "काय काढायचंय ते मला बघू दे. मग ठरवू कुठली द्यायची."

आणि पिशवीत दोन्ही लेन्स घालून त्या माझ्याबरोबर निघाल्या.

एसटीने बोईसर आणि तिथून शेअर रिक्षा. कारखान्यांचा वास मागे पडला, तारापूर गेलं, आणि चिंचणीत उतरलो तेव्हा वारा खारट झाला होता. नारायणकाकांच्या गल्लीत घरोघर ठाकठूक चालू होती. काका ओटीवर बसले होते. सत्तरीपुढचे, सडपातळ. आत सून स्वयंपाकघरात होती. समोर गोणपाटावर शे-दीडशे डाय.

"फोटो कशाला, बाय?" ते म्हणाले. "आता कंप्युटर कोरतो. हे कोनाला पायजे?"

"मला पाहिजेत, काका."

त्यांनी चाचपून एक डाय दिला. अंगठ्याच्या नखाएवढा, कानातल्या बुगडीचा. तीन पानं आणि मध्ये कळी.

मी हट्टाने मोठीच लेन्स लावली. भाता शेवटपर्यंत ताणला, तरी काचेवरचा डाय खऱ्यापेक्षा लहानच. पहिली फिल्म घातली. उजेड कमी, म्हणून लेन्स वीस सेकंद उघडी ठेवायची होती. सातव्या सेकंदाला शेजारच्या पत्रा दाबायच्या प्रेसचा दणका बसला आणि जमीन हादरली. ती फिल्म वाया गेली.

विजयाताई उठल्या आणि शेजारी गेल्या. परत आल्या तेव्हा मागे तीन-चार कारागीर दाराशी येऊन उभे राहिले. "काकांचा फोटो हाय ना," त्यातला एक म्हणाला. "सांगा कवा थांबायचं ते. समोरच्यांनाबी सांगतो."

काकांनी काचेवर बघायचं ठरवलं. डोक्यावर काळं कापड घेतलं, बराच वेळ वाकून राहिले. "काय दिसत नाय," ते हळूच म्हणाले. "नुसता डाग दिसतो." ज्या बोटांनी हे कोरलं होतं, ती बोटं कापडाची कड चाळवत होती. मला माझ्या हट्टाची लाज वाटली.

विजयाताईंनी पिशवीतून एकशेवीस काढून माझ्या हातात दिली. ती लावली, कॅमेरा जवळ नेला, दाराच्या उजेडासमोर पांढरा कागद वाकवून धरला. काचेवर पोलाद उमललं. पानाच्या शिरेतला छिन्नीचा एकेक घाव वेगळा झाला.

"काका, चित्र उलटं दिसेल हां."

"आमी जल्मभर उलटंच कोरलं," ते म्हणाले आणि पुन्हा कापडाखाली गेले.

या वेळी ते बाहेरच येईनात. मग आतूनच म्हणाले, "डावीकडलं पान माजं नाय."

"म्हणजे?"

"माजी रेघ देठाकडं जाड सुटते, टोकाकडं बारीक होते. ही उलटी हाय. डाव्या हाताची." ते बाहेर आले. डोळे पाणावले होते. "यमुनेची. माजी बायको डावखुरी होती. मी टायफॉईडनं पडलेलो, मुंबईचा माल द्यायचा होता. ती बोलली, शेजाऱ्यानं पुरा केला. मीबी इचारलं नाय. बाई कुटं डाय कोरते, असंच मनात."

काका गोणपाटापाशी बसले आणि एकेक डाय माझ्याकडे देऊ लागले. "ह्यो बघू. आता ह्यो." त्या दुपारी काचेवर बघून आम्हाला तशा उलट्या रेघेचे आणखी चार डाय सापडले. बुगडीचा धरून पाच. माझ्याकडे पाचच फिल्म उरल्या होत्या. प्रत्येक वेळी विजयाताई हात वर करायच्या आणि पूर्ण गल्ली वीस सेकंद थांबायची. दूरवरून समुद्राचा आवाज यायचा.

निघताना काकांनी ते पाच डाय रुमालात बांधून कनवटीला लावले. "बाकीचे जाऊ देत," म्हणाले.

बोईसरला एसटीची वाट बघताना मी विजयाताईंना लेन्सची किंमत विचारली. "आधी प्रिंट पाठव," त्या म्हणाल्या. "फिल्मची पाचही पानं स्वच्छ आली असतील तर एकशेवीस तुझी. मोठी मी ठेवते. ती तुझ्या कॅमेऱ्याची नाही."

पाचही स्वच्छ आली. नाशिकला माझ्या अंधाऱ्या खोलीत पहिलं चित्र कागदावर उमटलं, तेव्हा मी ते बराच वेळ पाण्यात तसंच ठेवून बघत राहिले. इतकी वर्षं मी दागिने छान दिसावेत म्हणून फोटो काढत होते. ते कुणी घडवले, हे फोटोत दिसू शकतं, असं कधी मनातही आलं नव्हतं. आणि मोठी लेन्स निवडून बसले असते, तर त्या दिवशीही दिसलं नसतं.

प्रिंट पोचल्यावर काकांचा फोन आला.

"खाली काय लिवलंय? मला वाचता येत नाय आता."

मी वाचलं, "बुगडीचा डाय. कारागीर यमुनाबाई आणि नारायण, चिंचणी."

पलीकडे ठाकठूक ऐकू येत होती. मग काका म्हणाले, "परत एकदा वाच. जरा मोठ्यानं. सून आली, तीबी ऐकतेय."