गोलातली मोकळी जागा

झिपरीअक्का स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात वारल्या, साक्रीच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी, स्वतःच्या गावी. पावरी या फुंकवाद्यावरचे भिल्लांचे नाच त्यांनी गावच्या तीन पिढ्यांना शिकवले होते.

शिकवताना त्यांच्या हातात निरगुडीची काडी असे. पाय चुकला की काडी घोट्यावर बसे. "मान खाले कर. पाय काय सांगस ते आयक."

एक नियम कधी मोडला जात नसे. पावरी वाजवणारा मधे, त्याच्याकडे तोंड करून नाचणाऱ्यांचा बंद गोल. माणूस मेला तर त्याच्या दिवसाला, म्हणजे उत्तरकार्याला, मात्र गोलात एक जागा मोकळी ठेवत.

अक्का जाण्याच्या काही वर्षे आधी गावच्या हेडमास्तरांनी मुलींचा नाच रानटी म्हणून बंद केला होता. धुळ्याच्या शेती प्रदर्शनात नाच दाखवला तर शाळेच्या ओसरीवर शिकवण्याची परवानगी मिळेल, असा निरोप प्रदर्शन भरवणाऱ्या सरकारी साहेबांनी पाठवला. अक्का बारा मुली आणि पावरीवाल्या भावाला घेऊन आल्या. मी तिथे एका साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून हजर होतो.

नाच सुरू होताच साहेब उठले. "पाठी काय दाखवता? पाहुण्यांकडे तोंड करा."

"साहेब, पावरी मझार शे. तोंड तिकडेच ऱ्हास."

साहेब मंचावर चढले. दोन मुलींना दंड धरून त्यांनी बाजूला ओढले. गोल उघडा पडला. पावरी थांबली.

"कोन मरी गयं, साहेब?" अक्कांनी विचारले.

खुर्च्यांतून हशा आला. "म्हातारे, नाच की!"

"गोल साहेबनी फोडा. आते मरेलनं नाव सांगा, मंग नाचतस."

हशा वाढला. अक्का मुलींना घेऊन खाली उतरल्या. येताना मिळालेली लॉरी परतीला मिळाली नाही. सगळे चालत निघाले. परवानगी उद्धटपणाच्या कारणावरून नाकारली गेली. "भिल्ल नृत्य काही कारणाने अपूर्ण राहिले," असे साप्ताहिकात छापून आले. ते वाक्य माझे होते.

अक्कांनी घरच्या अंगणात शिकवणे चालू ठेवले. तिथे जाणाऱ्या मुलींना शाळेत छडी मिळे. अक्का त्यांना म्हणत, "मास्तर हातवर मारस, मी पायवर. तोंड रिकामं शे, हासा."

अक्का वारल्यावर त्यांच्या दिवसाला मी गावी गेलो. नाच, कोणाची परवानगी न मागता, शाळेच्या पटांगणात होता. त्या बारापैकी नऊ जणी आल्या होत्या, काहींच्या कडेवर मुले होती. पावरी अक्कांच्या भावाने वाजवली. गोलातली मोकळी जागा रिवाजाने मसणवाटेकडे ठेवतात. त्या दिवशी ती शाळेच्या ओसरीसमोर होती.

नाच दुपारी सुरू झाला आणि दिवस मावळेपर्यंत चालला. हेडमास्तर आत होते. त्यांनी दार उघडले नाही.