नानांच्या भिंतीवरचे मासे

माशांवर जीव टाकणारा आणि मासा कधी तोंडात न घालणारा, आमच्या अक्काच्या यजमानांसारखा माणूस तापीच्या काठी झाला नाही आणि गिरणेच्याही नाही. सगळं जळगाव त्यांना नाना म्हणे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा वर्ज्य, आणि बैठकीच्या भिंतीवर, जिथे इतर लोक देवाची तसबीर लावतात तिथे, ट्राउट आणि साल्मन माशांची वंशावळ ऑइलपेंटने रंगवलेली. डावीकडे अटलांटिकचं घराणं, उजवीकडे पॅसिफिकचं. पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझा चहा बशीत नव्हे, धोतरावर सांडला.

कोण कुठे राहतो याला नाना किंमत देत नसत, मूळचा कुठला ते विचारत. शेजारचे वकील काश्मीरला ट्राउट खाऊन आले आणि चव सांगू लागले, तर नाना म्हणाले, "तो तिथला नव्हे. साहेबाने आणून सोडलेला पाहुणा. तुम्ही पाहुणा खाल्लात." वकिलांनी त्या दिवशी आमच्यासमोर पाणीसुद्धा घेतलं नाही. ब्राऊन ट्राउट स्वतःच्या हिमतीने आइसलँडपासून अफगाणिस्तानापर्यंत पसरला आणि तिथेच थबकला, याचं नानांना सख्ख्या भावाने तोंड फिरवल्यासारखं दुःख होतं. जळगावच्या मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा टाकून ते या थंड पाण्याच्या माशांविषयी बोलत. जिवंत ट्राउट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

सगळ्यात लाडका रेनबो ट्राउट. तो डाव्या फांदीवर होता, आणि त्याच्या अंगावरचा गुलाबी पट्टा माझ्या भाचीने, नानांच्या सुमनने, लहानपणी रंगवला होता. रंगवता रंगवता तिने विचारलं होतं, "नाना, हा राहतो पॅसिफिककडे, मग याच्या घरचे अटलांटिकचे कसे?"

"मोठ्यांनी ठरवलंय," नाना म्हणाले होते.

नव्वदच्या उन्हाळ्यात सुमनला बघायला शिरपूरचं स्थळ आलं. मुलगा मत्स्यखात्यात. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, हे नाना सोडून सगळ्यांना माहीत होतं. पोहे आले आणि नानांनी आइसलँडपासून सुरुवात केली. मुलाचे आबा बराच वेळ माना डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "भाऊ, मासा बठ्ठा दखी लिनात. आते पोर दखाडा."

मासे पुरे, मुलगी दाखवा म्हटल्यावर सुमन बाहेर आली. आणि नेमका तेव्हाच मुलगा उठून भिंतीपाशी गेला. "नाना, रेनबो आता या घरात नाही."

अक्काच्या हातातला ट्रे जागच्या जागी थांबला.

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी शास्त्रज्ञांनी त्याला पॅसिफिक साल्मनच्या घराण्यात घातलं. हाडं तपासली, नातं तिकडचं निघालं."

"आणि नाव?"

"तेही बदललं. रशियातल्या कामचटकाचा मासा आणि हा एकच निघाला. कामचटकाच्या माशाचं नाव आधी ठेवलेलं होतं. नियमाप्रमाणे जुनं ते खरं."

नाना उठून आत गेले. अक्काने पदर डोळ्यांना लावला. मी आबांना पुन्हा पोहे वाढले, कारण दुसरं काय करावं सुचेना. सुमन दातांवर दात ठेवून पुटपुटली, "आजच सांगायचं होतं?"

"मग कधी? लग्नानंतर?" मुलगा तितक्याच हळू म्हणाला.

नाना परत आले ते हातात चुन्याचा डबा आणि कुंचा घेऊन. पाहुण्यांच्या देखत त्यांनी रेनबोवर चुना फासला. थेंब आबांच्या टोपीवर उडाले. मग कुंचा मुलाच्या हातात देऊन म्हणाले, "उजवीकडे तुम्ही काढा. पट्टा सुमन रंगवेल."

हा होकार होता, हे कळायला आबांना आणखी एक कप चहा लागला.

खरा धक्का लग्नात बसला. मांडवात तांदळाचं ताट आलं. मुलाकडच्यांनी नवरीचं नाव 'स्वप्ना' ठरवलं होतं. नवरदेव अंगठीने लिहू लागला, तोच नाना पुढे वाकले. "जावईबापू, घर बदललं, कबूल. पण नाव? नियम तुम्हीच सांगितलात."

जावयाने आईकडे पाहिलं, मग ताट हलवून तांदूळ सारखे केले आणि 'सुमन' लिहिलं. "हाई काय नवीन शे?" आबा मला म्हणाले. मामा असून माझाही आ वासलेलाच होता.

वरात गेल्यावर घरी आलो तर नाना भिंतीसमोर एकटेच बसले होते. ऑइलपेंटवर चुना टिकत नाही. डावीकडच्या पांढऱ्या डागातून तो जुना गुलाबी पट्टा पुन्हा दिसू लागला होता.

"नाना, आणखी एक हात मारू का?"

"राहू द्या, शालकबुवा," ते म्हणाले. "दिसतोय तोवर दिसू द्या."