पोळ्याला आमच्या घराची पाळी

अहमदपूरकडच्या आमच्या गावात पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती पाटलांची. ती गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा बैल हलायचा नाही. दुष्काळाने हा मान मोडला. चाऱ्यावाचून पाटलांची जोडी बाजारात गेली आणि पाटीलही आमच्यासारखीच रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊ लागले.

तेव्हा नांदेडला कॉलेज शिकून आलेला गल्लीतला एक पोरगा माझ्या वडिलांना म्हणाला, "अण्णा, मान एकाच घराला कशापायी? दरसाली घर बदलू." अण्णांनी दारोदार फिरून गाव राजी केलं. भाषणं त्या पोराने केली, पाटलांच्या माणसांच्या शिव्या अण्णांनी खाल्ल्या. पाळ्या ठरल्या तेव्हा मोठेपणाने आपलं घर शेवटी ठेवलं, तेही अण्णांनीच.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवे पुढारी लागलेच. तो पोरगा साहेब झाला. जीप आली, शिक्षणसंस्था आली, लातुरात बंगला आला. अण्णा पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगायचे, आपलाच आहे तो. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

गाव मोठं. आमची पाळी येईतो साहेबांचा मुलगा लग्नाचा झाला. त्या पोळ्याला अण्णांनी बैलांसाठी स्वतःच्या हाताने नवी झूल शिवली. वाजतगाजत वेशीत गेलो, तर तोरणाखाली साहेबांची जोडी उभी आणि शेजारी पाटील. त्याच उन्हाळ्यात पाटलांची लेक साहेबांची सून झाली होती.

"अण्णा, व्याह्यांचा शब्द मोडवंना," साहेब म्हणाले. "तुमचं फुडच्या साली बघू."

ज्यांना आपापल्या पाळीला मान मिळाला होता, त्या सगळ्यांनी आपले बैल साहेबांच्या जोडीमागे लावले. अण्णांनी बैल माघारी वळवले. घरी आईला एवढंच म्हणाले, "पाटीलकी गेली न्हाई गं. दोन घरं झाली तिची."

ते पुढचं साल आलंच नाही. वाट बघता बघता अण्णा गेले.

गेल्या पोळ्याला साहेबांचा नातू मोटारीतून आमच्या दारात उतरला. त्यांच्याकडे आता ट्रॅक्टर आहेत, बैल नाहीत. "काका, मानापुरती तुमची जोडी द्या," तो माझ्या थोरल्या भावाला म्हणाला. भावाचा मुलगा त्यांच्याच संस्थेत मास्तर आहे. भावाने दावं सोडलं.

आमचे बैल अखेर सगळ्यांच्या पुढे तोरणाखालून गेले. कासरा साहेबांच्या नातवाच्या हातात होता आणि बैलांच्या पाठीवर अण्णांनी शिवलेली झूल होती.